राजमुंद्रीला गंगा बघताना

जुन्या नाशकात वाढलेल्या माणसाच्या तोंडी गोदावरी हे नाव क्वचितच येतं. आम्ही गंगा म्हणतो. बुधवारचा बाजार गंगेवर भरतो, पाहुण्यांना गंगेवर फिरवून आणतात, आणि पावसाळ्यात पहिली चौकशी असते ती गंगेला पाणी किती आलं याची. ते पाणी मोजायची आमची मापंही आमचीच. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. त्याही पुढे गेलं तर नारोशंकराच्या घंटेचं नाव निघतं आणि मग घाटावरचे दुकानदार माल हलवायला लागतात. पायऱ्या उतरलं की हाताशी येणारी, या काठावरून हाक मारली तर त्या काठाला ऐकू जाणारी नदी.

मी आता हैदराबादला राहते. दिवाळीनंतर आई माझ्याकडे आली तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली, राजमुंद्रीला जायची. त्र्यंबक, नाशिक, पैठण, नांदेड अशी तिची गंगा बघून झाली होती. "पुढे ती कशी होते ते बघायचंय," म्हणाली. अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर उगम पावायचं आणि त्या समुद्राकडे पाठ करून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जायचं, हा या नदीचा हट्ट. त्या प्रवासात समुद्राआधीचं शेवटचं मोठं शहर राजमुंद्री. सरकारदरबारी आता राजमहेंद्रवरम. शनिवार-रविवारात होण्यासारखं आहे. रात्री हैदराबादहून गौतमी एक्सप्रेस धरायची आणि उजाडायच्या आत उतरायचं.

महाराष्ट्रात राजमुंद्री हे नाव बहुतेकांच्या कानावर येतं ते रोपांमुळे. नर्सरीवाला एखाद्या मोठ्या झाडाकडे बोट दाखवून "राजमुंद्रीचा माल आहे" असं सांगतो. ती रोपं शहराजवळच्या कडियमच्या रोपवाटिकांतून येतात. पुलांसाठी मात्र आपल्याकडून कुणी मुद्दाम तिकडे जात नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. पूल बघायला लोक परदेशांत जातात. इथे एकाच नदीवर, एकाच शहरापाशी, सव्वाशे वर्षांचा पूलबांधणीचा इतिहास उभा आहे.

कोव्वूर सोडलं आणि गाडीचा आवाज बदलला. स्लीपरच्या डब्यात बहुतेक लोक झोपेत होते, पण त्या आवाजासरशी खिडक्यांजवळचे उठून बसले. समोरच्या बाकावरच्या आजींनी "गोदारम्मा" म्हणत हात जोडले, पदराच्या गाठीतून नाणं काढून बाहेर टाकलं. आईच्या हातात नाणं तयारच होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आजींनी आईच्या नाण्याकडे बघून मान हलवली, आईने त्यांच्याकडे. पूल संपत नव्हता. आई मध्येच म्हणाली, "अजून गंगाच?" अजून गंगाच होती.

उजेड झाल्यावर आम्ही पुष्कर घाटावर गेलो. आई पहिल्या पायरीवरच थांबली आणि बराच वेळ काही बोलली नाही. पलीकडचा काठ म्हणजे झाडांची एक निळसर रेघ. रामकुंडावर आयुष्य गेलेल्या बाईला ही आपली तीच नदी असं सांगून भागत नाही, तिला ते मनात बसवायला वेळ द्यावा लागतो. तिने पाणी हातात घेतलं, डोळ्यांना लावलं आणि मग विचारलं, "हे सगळं आपल्याकडून आलं?"

खरं उत्तर असं की नाशिकचं पाणी इथपर्यंत फारसं येतच नाही. ते गंगापूर धरणात थांबतं, मग पैठणच्या जायकवाडीत, आणखी खाली बाभळी आणि श्रीरामसागर. बाभळीच्या बंधाऱ्याचं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. २०१३च्या निकालानंतर दर पावसाळ्यात १ जुलैला त्याचे दरवाजे उघडतात आणि ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत उघडेच ठेवावे लागतात. राजमुंद्रीला जी अफाट नदी दिसते तिला मोठं करतात खालच्या नद्या. प्राणहिता, इंद्रावती, शबरी. त्यातली प्राणहिता म्हणजे आपल्या विदर्भाचं पाणी, वर्धा, पैनगंगा आणि वैनगंगा एकत्र होऊन गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंच्याला गोदावरीत उतरतं ते. माझी मावशी भंडाऱ्याला असते, वैनगंगेच्या काठी. आईला हे समजल्यावर तिने घाटावरूनच मावशीला फोन लावला. "अगं, तुझ्या नदीचं पाणी बघतेय मी इथे." गोदावरीच्या खोऱ्यातला जवळपास निम्मा भाग महाराष्ट्रात आहे, हे भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य मला त्या फोनमुळे पहिल्यांदा नीट कळलं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आपण गडचिरोलीच्या पुराशी जोडून वाचतो आणि पान उलटतो. ते पाणी पुढे काही दिवसांनी या घाटाच्या पायऱ्या चढत असतं.

घाटावरून पूल दिसतात. सगळ्यात जुना हॅवलॉक पूल. मी आले होते ती मुख्यतः त्याच्यासाठी.

त्याचं बांधकाम १८९७ साली सुरू झालं आणि १९०० साली त्यावरून गाड्या धावू लागल्या. दगडी खांबांवर लोखंडी गर्डर, दीडदीडशे फुटांचे ५६ गाळे (दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक गाळा), लांबी पावणेतीन किलोमीटरच्या घरात. नाव मद्रासचे तेव्हाचे गव्हर्नर सर आर्थर हॅवलॉक यांचं. बांधणारा इंजिनिअर फ्रेडरिक वॉल्टन. या वॉल्टननेच त्याआधी बनारसला गंगेवर डफरिन पूल बांधला होता, आज ज्याला मालवीय पूल म्हणतात तो. म्हणजे उत्तरेच्या गंगेवर पूल बांधून तो माणूस आमच्या गंगेवर आला. आईला हे फार आवडलं.

हा पूल होण्याआधी रेल्वे दोन्ही काठांपर्यंत आलेली होती आणि मधे नदी होती. अलीकडे कोव्वूरला उतरायचं, सामानसुमानासह नावेत बसायचं, पलीकडे राजमुंद्रीला पुन्हा गाडी पकडायची. उन्हाळ्यात वाळूतून चालायचं, पावसाळ्यात जीव मुठीत धरायचा. मद्रास आणि कलकत्ता यांच्यामधल्या वाटेवरची ही खिंड त्या ५६ गाळ्यांनी बुजवली. अशा नदीत खांब उभा करणं म्हणजे काय याचा मी घाटावर बसून विचार करत होते. तळाशी वाळू. वाळूवर काही उभं राहत नाही. म्हणून विहीर उतरवायची. काठावर खोदतो तशी नव्हे, वर गोल भिंत बांधत जायची आणि आतली वाळू उपसत राहायची, म्हणजे स्वतःच्याच वजनाने ती भिंत खाली खाली रुतत जाते, जिथे घट्ट जमीन लागेल तिथपर्यंत. मग ती भरून टाकायची आणि तिच्यावर खांब. हे दोन पावसाळ्यांच्या मधल्या कोरड्या महिन्यांत उरकायचं, कारण जुलैत नदी येणारच. तीन हंगामांत हे काम ज्यांनी ओढलं त्या मजुरांपैकी एकाचंही नाव पुलावर नाही. विहिरीत उतरून वाळू उपसणारे ते हात याच काठांवरच्या गावांचे असतील असं मला वाटत राहतं.

१९९७ साली हॅवलॉक पूल निवृत्त झाला. सत्त्याण्णव वर्षं त्याने गाड्या वाहिल्या. त्याच्या शेजारीच त्याचं काम ज्याने हाती घेतलं तो कमानींचा पूल आहे, आणि राजमुंद्रीच्या कुठल्याही फोटोत दिसतो तो हाच. काँक्रीटच्या २८ कमानी, एकेक जवळपास ९८ मीटरची. तो बांधला हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीने. १९२६ साली ही कंपनी काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे. सोलापूरकराच्या कंपनीने नाशिककरांच्या नदीवर आंध्रात पूल बांधला, हे आईने हैदराबादला परतल्यावर सोसायटीत सगळ्यांना सांगितलं.

या कमानी नुसत्या शोभेच्या नाहीत. कमानीचा स्वभाव असा की भार आला की तिचे पाय बाहेर पसरू बघतात. डोंगराच्या खिंडीत हे चालतं, दोन्हीकडचा खडक तो रेटा सोसतो. वाळूत विहिरींवर उभ्या असलेल्या खांबांना तो रेटा सोसणार नाही. म्हणून कमानीची दोन्ही टोकं खालच्या तुळईने एकमेकांना बांधून टाकलेली असतात, धनुष्याची दोरी असते तशी. रेटा त्या दोरीतच अडकतो आणि खांबावर फक्त सरळ खाली येणारं वजन उरतं. एवढं समजून घेऊन पुलाकडे पाहिलं की ती कमान आणि ती तुळई एकमेकींना धरून उभ्या आहेत हे डोळ्यांना दिसायला लागतं. आधी ते नक्षीसारखं वाटत होतं.

वरच्या अंगाला १९७४चा रस्ता-रेल्वे पूल आहे, खालून गाडी, वरून मोटारी. दिसायला तो तिघांत रुक्ष, पण दोन्ही काठच्या लोकांच्या रोजच्या जगण्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला बहुधा तोच. कोव्वूरच्या बाजूने दूध, भाजी, शाळा-कॉलेजची मुलं, दवाखान्यात जाणारी माणसं त्यावरून येतात. आम्हीही रिक्षाने त्यावरून पलीकडे गेलो आणि चहा पिऊन परत आलो. खालून मालगाडी गेली तेव्हा रिक्षासकट सगळा पूल थरथरला. आईने माझा हात धरला. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "भयम लेदम्मा," भीती नाही. त्याहून उत्तरेला २०१५चा चार किलोमीटरहून लांब चौथा पूल आहे, हमरस्त्याचा. तो आम्ही लांबूनच पाहिला.

दुपारी नावेतून पुलांखाली गेलो. पूल बघायचा तर खालून, हे माझं मत तिथे पक्कं झालं. वरून जाताना पूल म्हणजे फक्त आवाज आणि वेळ. खालून तो कुणीतरी केलेलं काम म्हणून दिसतो. हॅवलॉकच्या दगडी खांबांवर पुराच्या खुणा आहेत, पाणी कुठवर चढलं होतं ते रंगावरून कळतं. पाणी चढतं तेव्हा काय होतं हे नावाड्याने हातवारे करून सांगितलं, थोडं तेलुगूत, थोडं हिंदीत. नदीच्या पात्रात बेटं आहेत, त्यांना इथे लंका म्हणतात. पुलांजवळच्या एका बेटाचं नावच ब्रिज लंका. तिथे मासेमारी करणारी कुटुंबं राहतात. पूर आला की त्यांना बोटींतून शहरात आणतात, शाळेत किंवा समाजमंदिरात ठेवतात, पाणी ओसरलं की ती परत जातात. दरवर्षी नाही, पण कोणत्या वर्षी हे कुणाला सांगता येतं? डोक्यावरून हावड्याच्या गाड्या जाताहेत आणि खाली आपलं घर पाण्यात आहे, असं जगणं या माणसांचं. शहरातल्या पर्यटनाच्या फलकांवर पूल आहेत, सूर्यास्त आहे, ही माणसं नाहीत. ती असायला हवीत.

संध्याकाळी बाजारात रोझ मिल्क प्यायलो. त्यासाठी हे गाव आंध्रात प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी रास्त आहे. आत्रेयपुरमचे पूतरेकुलू घेतले. तांदळाच्या कागदाइतक्या पातळ पापुद्र्यात गूळ आणि तूप. आईने एक उलगडून उजेडासमोर धरला आणि तो कसा करत असतील यावर बराच वेळ बोलत राहिली. पावसाळ्यात समुद्रातून नदीत चढणारा पुलसा मासा इथे मिळतो, मंगळसूत्र विकून खावा अशी त्याची म्हण आहे. आम्ही गेलो तेव्हा त्याचा हंगाम नव्हता.

दुसऱ्या दिवशी धवळेश्वरमला गेलो. शहराच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर. गंगेवरचे पूल बघायला आलेल्या माणसाने तिथे गेलंच पाहिजे, कारण राजमुंद्रीला हिवाळ्यातही काठोकाठ जी नदी दिसते ती या बंधाऱ्यामुळे. त्याने अडवलेलं पाणीच शहरापर्यंत मागे पसरलेलं असतं.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा सगळा प्रदेश दुष्काळाने पिचलेला होता. पावसाळ्यात नदी सगळं वाहून न्यायची आणि उन्हाळ्यात त्याच नदीच्या काठावर माणसं अन्नावाचून मरायची. आर्थर कॉटन नावाच्या कंपनी सरकारच्या इंजिनिअरने इथे बंधारा घालायचं ठरवलं. १८४७ ते १८५२ या काळात तो झाला. नदीतल्या बेटांचा आधार घेत चार तुकड्यांत, धवळेश्वरम, रल्ली, मद्दूर आणि विज्जेश्वरम. त्यातून कालवे निघाले आणि गोदावरीचा त्रिभुज प्रदेश भाताचं कोठार झाला. जुन्या बंधाऱ्याच्या जागी आता १९८२ साली पूर्ण झालेला दरवाजांचा बॅरेज आहे, त्यालाही कॉटनचंच नाव. गावोगावी त्याचे पुतळे आहेत, हार घातलेले. इंग्रजांचे पुतळे आपण हलवले, आणि त्याला कारणं होती. इथला शेतकरी हा पुतळा मनापासून जपतो. इथे गोदावरीत स्नान करताना म्हणायचा एक संस्कृत श्लोकही लोकांनी रचलाय. नित्य गोदावरीस्नानाचं पुण्य देणारा तो आंग्ल देशातला भगीरथ कॉटन, त्याचं मी स्मरण करतो, असा त्याचा अर्थ. बॅरेजवर भेटलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तो आईला म्हणून दाखवला. संस्कृत असल्यामुळे आईला तो लगेच कळला. पहिल्यांदाच या प्रवासात कुणाशी तिचं मधल्या माणसाशिवाय बोलणं झालं.

कॉटनला रेल्वे फारशी पसंत नव्हती. या देशाला आधी कालवे हवेत, पाणी आणि जलवाहतूक हवी, रूळ नंतर, असं तो आयुष्यभर मांडत राहिला, त्यासाठी त्याला विलायतेत संसदेच्या समितीपुढे उत्तरंही द्यावी लागली. तो १८९९ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला हॅवलॉक पुलावरून गाडी धावली. आज दोन्ही कामं एकाच दिवसात बघता येतात. माझ्या मते कॉटनचं म्हणणं बरंचसं खरं होतं. दुष्काळात रेल्वे धान्य आणू शकते तशीच ते बाहेरही नेऊ शकते. शेतात पोचलेलं पाणी मात्र तिथेच राहतं.

बॅरेजजवळ पाण्याची पातळी मोजायची पट्टी आहे. ११.७५ फुटांना पहिला इशारा, १३.७५ला दुसरा, १७.७५ला तिसरा. तिसऱ्याचा अर्थ सेकंदाला सतरा लाख घनफूट पाणी. १९८६च्या ऑगस्टमध्ये त्याच्या दुप्पट गेलं होतं. आईने पट्टीकडे बघून विचारलं, "म्हणजे यांचा दुतोंड्या मारुती हा?" हाच. इथून खाली नदी फुटते. गौतमी एकीकडे, वसिष्ठा दुसरीकडे, मग त्यांच्याही शाखा, सात ऋषींच्या नावांनी. त्र्यंबकला गौतम ऋषींनी जिला आणलं ती समुद्रापाशी पुन्हा त्यांचंच नाव घेते.

परतीच्या आधी पुन्हा पुष्कर घाटावर बसलो. गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ भरतो. त्याच गुरूच्या त्याच राशीत जाण्याने इथे गोदावरी पुष्कर लागतं, बारा दिवसांचं. एकच ग्रह, एकच नदी. आणि दोन्ही ठिकाणचं दुःखही सारखं. २००३च्या सिंहस्थात नाशकात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. आम्ही तेव्हा तिथेच होतो, त्या संध्याकाळची शांतता आईला अजून आठवते. २०१५च्या १४ जुलैला, पुष्कराच्या पहिल्याच दिवशी, याच घाटावर किमान २७ जण गेले. ज्या पायऱ्यांवर आम्ही बसलो होतो तिथे. आई उठली, पाण्याला पुन्हा हात लावला आणि त्यांच्यासाठी काहीतरी पुटपुटली. २०२७ साली दोन्हीकडे पुन्हा गर्दी होणार आहे. नाशिकच्या आणि राजमुंद्रीच्या प्रशासनांनी एकमेकांशी बोलावं, एवढी साधी अपेक्षा आहे. अरुंद वाट कुठे होते, गर्दी कुठे थांबवायची, घाट किती माणसं पेलतो, या दोन्ही गावांनी माणसं गमावून शिकलेल्या गोष्टी आहेत.

हॅवलॉक पुलाकडे जायची वाट आम्ही गेलो तेव्हा बंद होती. फाटकाशी उभं राहून जेवढा दिसतो तेवढा पाहिला. अखंड गोदावरी नावाच्या प्रकल्पाची पायाभरणी जून २०२५मध्ये पुष्कर घाटावर झाली आणि त्यात या पुलाचाही समावेश आहे. म्हणजे तो मोडीत निघणार नाही, याचा मला खरा आनंद आहे. माझं मागणं मात्र छोटं आहे. त्यावर खाण्याचे स्टॉल, काचेच्या गच्च्या, रंगीत दिवे यांची गर्दी करू नये. रुळांच्या जागी फळ्यांची वाट, दोन्ही बाजूंना भक्कम कठडा, मधे मधे बसायला बाक, आणि प्रत्येक काही गाळ्यांनंतर तो खांब कसा उभा राहिला याची माहिती, तेलुगूत आणि इतर भाषांत. एवढं पुरे. गाडीतून ही नदी चार मिनिटांत संपते. तिची रुंदी पायांनाच कळेल, आणि त्र्यंबकपासून समुद्रापर्यंत इतकी रुंद गोदावरी चालत, निवांत ओलांडता येईल अशी दुसरी जागा माझ्या तरी पाहण्यात नाही.

गाडीत आईने विचारलं, पूल चालायला उघडला तर पलीकडे पोचायला किती वेळ लागेल. तिच्या चालीने तासभर, मी म्हटलं. तिने लगेच हिशेब केला. सिंहस्थात घर सोडता येणार नाही, पाहुणे असतात. त्यानंतरच्या थंडीत यायचं, आणि भंडाऱ्याहून मावशीलाही बोलवायचं.